वाटणी झाली म्हणतीया

आमच्या माहेरी एक शब्द उच्चारायचा नाही. साप म्हटलेलं चालतं, मरण म्हटलेलं चालतं, पण वाटणी म्हणायचं नाही. लहानपणी पत्ते खेळायला बसलो की आम्ही पानं वाटायचो नाही, द्यायचो. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा वाटायचा नाही, हातावर ठेवायचा. पाट्यावरचं मसाल्याचं वाटण मात्र चालायचं, कारण त्याशिवाय आबांच्या घशाखाली कालवण उतरत नसे. मी एकदा विचारलं होतं, "आबा, वाटण चालतं आन् वाटणी का न्हाई?" तेव्हा पाठीत जो धपाटा बसला त्यानंतर पुन्हा काही विचारलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, संपत. तळेगाव ढमढेऱ्याला आमचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. आबांच्या तरुणपणी त्यांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली, तेव्हा गोठ्याच्या मधोमध भिंत घातली गेली. एक म्हैस उरली, ती कुणाच्या बाजूला बांधायची ते ठरेना. शेवटी ती बाजारात नेऊन विकली आणि पैसे निम्मे-निम्मे केले. म्हैस दुभती होती. आबा अजून त्या म्हशीचं नाव काढतात, भावाचं काढत नाहीत.

तर अशा घरात आम्ही तिघं वाढलो. थोरला दत्तादादा मळा बघतो. धाकटा ईश्वर दौंडला रेल्वेत आहे, बायकापोरांसह तिकडंच राहतो. मी सिंधू, मधली, केडगावला दिलेली. म्हणजे तळेगाव आणि दौंड यांच्या मधे माझं घर, आणि दोघा भावांच्या मधे मी. माझा वाटा म्हणाल तर मी लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले. माहेरच्या पैशात माझा एक रुपया नाही, म्हणून मला कुणाला भिऊन बोलावं लागत नाही. तोंड पहिल्यापासूनच जरा तिखट आहे, ते वेगळं.

पण गोष्ट माझी नाही. दत्तादादाच्या बायकोची आहे, अंजनावहिनीची.

वहिनी घाबरट. दाराला कुलूप लावून एसटी स्टँडपर्यंत जाईल आणि कुलूप लागलं का ते बघायला परत येईल. पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट चढले की ड्रायव्हर मोजणार, दादा मोजणार, आणि गाडी सुरू झाल्यावर वहिनी म्हणणार, "थांबा वो, येकदा मोजू द्या." आम्ही हसायचो. आबा हसायचे नाहीत. "ज्याला भ्या वाटतं त्योच नीट मोजतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच नव्या रस्त्यात आमची बांधाकडची जमीन गेली आणि तिचे पैसे आले, तेव्हा आबांनी सांगितलं, पैसा एकत्र राहील, माझ्या नावावर राहील, आणि हिशोब अंजना ठेवील. दादा म्हणाला, "बरं." दादा कशालाही बरंच म्हणतो. ईश्वरही बरं म्हणाला, पण जरा उशिरानं.

काही पैसे म्युच्युअल फंडात गेले, काही शेअरमध्ये. ईश्वरनं आणि वहिनीनं मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, नुसतं बघायला. त्यात आज काय भाव आहे ते दिसतं. पण कुठले पैसे कधी घातले, त्यातले मूळचे किती आणि वाढलेले किती, हे वर्षाच्या शेवटी आबांना सांगायचं, तर स्वतःची टाचणं लागतात. त्यासाठी वहिनीनं लॅपटॉपवर एक हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. खरेदी झाली की भरायची, लाभांश आला की भरायचा. चाळीस रुपये आले तरी वहिनी हात धुऊन, चष्मा पुसून बसायची. खंडेनवमीला आबा कोयता, खुरपं आणि फवारणीच्या पंपाबरोबर त्या लॅपटॉपचीही पूजा करायचे. झेंडूचा हार घालायचे आणि हळदीकुंकू बटणांवर सांडायचं. वहिनी दुसऱ्या दिवशी दात घासायच्या जुन्या ब्रशानं ते काढत बसायची.

आबांनी आयुष्यात एकच शेअर स्वतःच्या अकलेनं निवडला. आमच्या विहिरीवर एका कंपनीची मोटार आहे, ती मी शाळेत होते तेव्हापासून चालते. आबा म्हणाले, "जी मोटार मला कवा फसवत न्हाई तिच्या कंपनीत पैसा घाला." घातला, तोही चांगला दाबून, शेअरमधला बहुतेक पैसा त्यातच. ईश्वर नको म्हणत होता, सगळी अंडी एका टोपलीत कशाला म्हणून. आबांनी ऐकलं नाही.

पुढं त्या कंपनीनं ठरवलं, की पंपाचा धंदा एकीकडं आणि वायरींचा धंदा दुसरीकडं. एकाच्या दोन कंपन्या. ज्याच्याकडं जुन्या कंपनीचे शेअर असतील त्याला नव्या कंपनीचेही तेवढेच मिळणार. पण मधे एक फट असते. वायरींचा धंदा बाहेर पडला की त्याच दिवशी जुन्या शेअरचा भाव खाली येतो, आणि नवे शेअर खात्यात यायला काही आठवडे जातात. आले तरी बाजारात त्यांचा भाव निघायला आणखी वेळ लागतो. तेवढ्या काळात खात्याकडं बघणाऱ्याला वाटतं, घर लुटलं गेलं.

वहिनीला हे ठाऊक होतं. इंग्रजीत आलेली ईमेल तिनं डिक्शनरी घेऊन वाचली होती. दादाला समजावलं होतं. दादा म्हणाला, "बरं."

कंपनीच्या दोन होण्याचा दिवस नेमका दसऱ्याच्या तोंडावर आला. मळ्यात झेंडूची तोड चालू, शेडमध्ये उभं राहायला जागा नाही. अशात ईश्वरचा आबांना फोन आला. त्यानं दौंडला ड्यूटीवर चहा पिता पिता अ‍ॅप उघडलं होतं.

"आबा, आकडा निम्मा झालाय. वहिनीला इचारा, पैसं गेलं कुठं?"

आबांचा एक कान गेलेला. फोन चांगल्या कानाला लावून ते शेडभर ओरडले, "अंजना, ईश्वर इचारतोय, आकडा निम्मा कसा झाला?"

वहिनीच्या दोन्ही हातांत झेंडू. पुढं काय झालं ते तिनं मला नंतर कितीदा तरी सांगितलं. मराठी बातमीत तिनं या प्रकाराला विलगीकरण असा शब्द वाचला होता. तो तिच्या ओठांवर आलाही. पण कोरोनात आबांना शाळेच्या खोलीत विलगीकरणात ठेवलं होतं, तेव्हापासून तो शब्द ऐकला की ते विचारतात, कोण आजारी पडलं? आता त्या गर्दीत, एका कानाच्या माणसाला, फोन चालू असताना काय काय समजावणार? म्हणून तिनं सोपा शब्द घेतला.

"वाटणी झाली म्हणावं, आबा. आर्धा भाग तिकडं गेला. दिसंल थोड्या दिसांनी."

आणि आबांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात तो शब्द घरात येऊ दिला नव्हता, तो जसाच्या तसा दौंडला पोचवला. "वाटणी झाली म्हणतीया. आर्धा भाग तिकडं गेला."

फोन कट झाला. मग आबांना आपण काय बोललो ते कळलं. ते क्रेटवर बसले आणि म्हणाले, "कुणाची वाटणी?" वहिनीनं सगळं सांगितलं, कंपनीची म्हणून. आबांना पटलं. पण ईश्वर काही फोन उचलेना.

उचलणार कसा? तो माझ्याशी बोलत होता. "आक्का, तुला ठावं व्हतं का? आबांच्या तोंडून आलंय. वाटणी करून निम्मं तिकडं घेतलं. तिकडं म्हंजी कुठं, मी काय खुळा हाय?"

मी म्हटलं, "व्हय, खुळाच हायस." मला खरंच तसं वाटलं होतं. वहिनीनं पैसे घेतले असं म्हणणं म्हणजे विहिरीनं पाणी चोरलं म्हणणं. पण मी चिडून बोलले आणि त्यानं माझाही फोन ठेवला.

इकडं वहिनीनं त्याच दिवशी घाबरून दुसरी गोष्ट केली. लॅपटॉपवरच्या हिशोबात त्या कंपनीपुढं मोठा तोटा दिसत होता, लाल अक्षरांत. तोटा तर झालेला नाही, मग आबांच्या हिशोबात लाल कसं ठेवायचं? म्हणून जुन्या शेअरच्या मूळ किमतीतला नव्या कंपनीकडं जाणारा भाग तिनं कमी केला. इथपर्यंत बरोबर होतं. पण सॉफ्टवेअर ऐकेना. ते विचारतं, इथून निघालं तर गेलं कुठं? नवे शेअर अजून आलेच नव्हते, त्यांचं नाव कुठून घालणार? तात्पुरती सोय म्हणून तिनं त्या रकमेपुढं 'पैसे काढले' असं निवडलं. शेअर आले की दुरुस्त करू, असं मनाशी म्हणाली. लाल अक्षरं गेली. तेव्हा कुठं तिला दोन घास गेले.

दसऱ्याला ईश्वर आला. आदल्या दिवशीच्या पूजेचा हार अजून लॅपटॉपवर होता. तो बाजूला करून म्हणाला, "उघडा वहिनी. मला दावा." वहिनीनं उघडलं. त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "विथड्रॉल. पैसे काढले." पुन्हा एकदा वाचलं, आबांना ऐकू जावं म्हणून.

वहिनी समजावू लागली. सोय, तात्पुरती, शेअर येणार, भाव निघणार. खरं सांगायचं तर ऐकणाऱ्याला ते चोराच्या बोलण्यासारखंच वाटलं असतं. मी तिथंच होते, मला सगळं ठाऊक होतं, तरी मीही वाकून ते शब्द पुन्हा वाचले. दादा मधे पडायला उठला आणि "आरं ईश्वर" एवढंच बोलला.

ईश्वर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई दिसलं तर शिरूरला तहसीलात वाटपाचा अर्ज टाकतो. व्हायचीच हाय वाटणी तर मळ्याची बी होऊ द्या."

मग त्यानं आबांना आपट्याचं पान देऊन नमस्कार केला, दादाला पान दिलं, मला दिलं. वहिनी हात पुढं करून उभी होती. तिला न देता तो चप्पल घालून निघून गेला. मला त्या वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. का दिली नाही कुणास ठाऊक.

त्यानंतरचे दिवस वहिनीनं कसे काढले ते मी फोनवर ऐकत होते आणि दोनदा जाऊन बघून आले. उठली की आधी अ‍ॅप. चूल पेटवायच्या आधी अ‍ॅप, तोडीला निघताना अ‍ॅप. खात्यात नवीन काहीच नाही. कपाटाला कुलूप लावायचं तिनं बंद केलं, कुणालाही उघडून बघता यावं म्हणून. कुलूप बघायला स्टँडवरून परत येणारी बाई ही! दादानं दिवाळीला तिच्यासाठी जांभळी साडी आणली, ती तिनं दुकानात परत करायला लावली. म्हणाली, "नेसले तर लोक म्हणतील त्याच पैशाची." दादानं साडी परत केली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. आबा तर अंगणातून उठून गोठ्याकडं जायचे आणि जुन्या भिंतीजवळ उभे राहायचे.

एकदा मी तिच्याशेजारी शेवंती निवडत बसले होते. ती एकदम म्हणाली, "वन्सं, समजा आलंच न्हाई तर?"

"येनार न्हाई कसं? कंपनीनं कळवलंय न्हवं?"

"कळवलंय. मीच वाचलंय. पर आता मला माझंच खरं वाटंना. कवा कवा वाटतं, मी खरंच कायतरी चुकीचं दाबलं आन् माझ्या हातानं गेलं."

मला ते सॉफ्टवेअर कळत नाही. मला फक्त वहिनी कळते. भीती तिच्यात पहिल्यापासून होती, पण ती कुलपाची होती, क्रेटची होती. आता ती स्वतःलाच भ्यायला लागली होती, आणि ते बघून मला रडू आलं.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी दोघा भावांना केडगावला बोलावलं आणि दादाला बजावलं, वहिनीला घेऊनच ये. ती दोघं न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलानं आली. ईश्वर दौंडहून गाडीनं आला. पाट मांडले. वहिनी आत माझ्या स्वयंपाकघरात, दाराआड.

ईश्वर पाटावर बसला तो मोबाईल हातात घेऊनच. "आक्का, आधी ह्ये बघ. परवा नाव आलंय नव्या कंपनीचं. शेअर बी आल्यात म्हणं. आन् किंमत बघ म्होरं. शून्य! ह्याला काय चाटू?"

मी तबक हातात धरून तशीच उभी राहिले. कुंकू लावलं नाही. म्हटलं, "आधी ओवाळणी."

त्यानं खिशात हात घातला. मी म्हटलं, "पैसं ठेव. मी हक्कसोडीवर सही केली तवा काय मागितलं व्हतं? कायबी न्हाई. आज मागते. त्या शेअरचा भाव निघंपर्यंत वाटपाचा अर्ज टाकायचा न्हाई. देतोस का तबक खाली ठेवू?"

त्याचा हात खिशातच राहिला. माझे यजमान घसा खाकरून बाहेर गेले. तेवढ्यात दारातून आवाज आला. वहिनी दाराची चौकट धरून उभी होती.

"भाऊजी, आपला माल पुण्याला मार्केटात उतरतो. भाव निघाला नसतो तवा विक्रीच्या पट्टीवर आकडा असतो का? नसतो. पर म्हणून क्रेट रिकामं असत्यात का?"

ईश्वर फुलं विकूनच शिकला. शाळेत असताना आबांबरोबर पिकअपमध्ये झोपून मार्केटला जायचा. त्यानं पुन्हा मोबाईलकडं बघितलं. शेअरच्या संख्येवर बोट ठेवलं, मग शून्यावर. मोबाईल पाटाशेजारी उपडा ठेवला. मग कपाळ पुढं करून म्हणाला, "लाव कुंकू. न्हाई टाकत अर्ज."

मी ओवाळलं. वहिनीच्या पाया काही तो पडला नाही. पण जाताना दाराशी थांबून म्हणाला, "निघतो, वहिनी." दसऱ्यानंतर तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

भाव निघाला तेव्हा शेवंतीचा हंगाम जोरात होता. शून्याच्या जागी आकडा आला आणि दोन्ही मिळून मूळच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच झालं. वहिनीनं कुणाला फोन केला नाही. ईश्वरनं बघितलं, आणि सुट्टी मिळाली तशी तो तळेगावला गेला. मीही गेले होते, मुद्दाम. त्याचं तोंड बघायचं होतं मला.

तो ओट्यावर बसला आणि खाली बघून म्हणाला, "चुकलं, वहिनी."

वहिनी म्हणाली, "माझं बी चुकलं. विलगीकरण म्हणायला पायजे व्हतं."

आबांनी चांगला कान पुढं केला. "काय? कोण आजारी हाय?"

आम्ही सगळे हसलो. दादासुद्धा हसला. वहिनी हसता हसता रडली. मग तिनं लॅपटॉप आणून ईश्वरच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी सांगते, तुमी भरा." ते 'पैसे काढले' तिनं त्याच्याच हातानं पुसायला लावलं आणि त्या जागी नव्या शेअरची खरेदी भरायला लावली, मूळ किमतीच्या त्याच भागानं. इकडून निघालेलं तिकडं बसलं आणि मधे काही उरलं नाही. खाली शेरा लिहायची जागा होती. ईश्वरनं विचारलं, "हितं काय लिवू?"

आबा म्हणाले, "लिव, वाटणी. कंपनीची." आणि मग, "आपली न्हाई."

इथं गोष्ट संपली असती तर मी पेढे वाटले असते, आणि वाटले असंच म्हटलं असतं.

पण तेव्हापासून वहिनी त्या हिशोबात एकटीनं काही भरत नाही. कुठल्या तरी कंपनीचा लाभांश येतो, कधी पन्नास रुपये, कधी त्याहून कमी. ती लॅपटॉप उघडते, नाव घालते, रक्कम घालते, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी दौंडला फोन लावते. "भाऊजी, पैसं आल्यात. भरू का?"

पहिल्यांदा ईश्वर हसला. मग म्हणाला, "भरा की वो, मला कशाला इचारताय?" मग एकदा रागावला, एकदा हात जोडून बोलला, "वहिनी, मेल्याहून मेल्यागत करू नका." ती ऐकून घेते. उलट बोलत नाही. टोमणा मारावा असा तिचा स्वभावच नाही. तो भरा म्हणेपर्यंत फोन कानाला धरून नुसती बसते. परवा तो ड्यूटीवर होता, फोन लागेना, तर लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ती दिवसभर घरातून हलली नाही.

मी म्हटलं, "वहिनी, सोडा की आता."

म्हणाली, "सोडलंय वो, वन्सं. मनात कायबी न्हाई. पर बोटच दाबत न्हाई."

गेल्या आठवड्यात ईश्वर माझ्याकडं आला होता. चहा घेतला. उठताना म्हणाला, "आक्का, ह्ये कवा थांबंल?"

मी म्हटलं, "तू आपलं भरा म्हणत ऱ्हा."